दांपत्यजीवनातील स्वातंत्र्य व सहवास

प्रेमाने किंवा विवाहाने जोडल्या गेलेल्या दोन प्रौढ व्यक्तींच्या संबंधात प्रत्येकाचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व आणि दोघांचे सामायिक जीवन यांना एकाच वेळी वाव मिळणे, ही दांपत्यजीवनातील एक मूलभूत समस्या होय. स्वातंत्र्य या संज्ञेत येथे स्वतःचे मत, व्यवसाय, पैसा, वेळ, मित्रपरिवार व एकांत यांवरील व्यक्तीचा अधिकार अभिप्रेत आहे. सहवास या संज्ञेत एकत्र राहणे, परस्परांची काळजी घेणे, सुखदुःखे वाटून घेणे आणि महत्त्वाचे निर्णय मिळून करणे यांचा समावेश होतो. विवाहित जोडप्यांप्रमाणेच विवाहाविना एकत्र राहणाऱ्या जोडप्यांपुढेही ही समस्या उभी राहते.

‘दंपती’ हा वैदिक द्विवचनी शब्द ‘दम्’ म्हणजे घर यापासून साधलेला असून घराचे दोन स्वामी असा त्याचा मूळ अर्थ आहे. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र बहुतेक समाजांत घराचा स्वामी एकच राहिला. त्यामुळे स्वातंत्र्य व सहवास यांच्या समतोलाचा प्रश्न हा केवळ दोन स्वभावांच्या जुळणीचा नसून संपत्ती, कायदा, श्रमविभागणी व प्रतिष्ठा यांच्याशीही तो निगडित आहे. स्वातंत्र्य व सहवास ही तराजूची दोन पारडी असून एक वर गेले की दुसरे खाली येते, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास आणि मानसशास्त्रीय संशोधन या दोहोंवरून तो अपुरा असल्याचे दिसून येते. नकार देण्याची मोकळीक दोघांनाही असते, तेथे जवळीक सहसा अधिक टिकाऊ होते. ती एकालाच असते, तेथे सहवास म्हणून जे दिसते त्यात दुसऱ्याची निरुपायता मिसळलेली असते.

संकल्पनेचे स्वरूप : जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल (१८५८–१९१८) याने दोन व्यक्तींच्या गटाचे वेगळेपण स्पष्ट केले आहे. मोठ्या गटातून एखादी व्यक्ती निघून गेली, तरी गट टिकतो. दोघांच्या गटातून एक गेला की गटच संपतो. शिवाय तिघांमध्ये बहुमत संभवते, तसे ते दोघांमध्ये संभवत नाही. म्हणून दांपत्यातील प्रत्येक मतभेदाचा निकाल एकमताने, आळीपाळीने किंवा एकाच्या माघारीने लागतो. माघार सदैव एकाच बाजूने घेतली जात असेल, तर बाहेरून दिसणारे एकमत आतून फसवे असते.

जवळीक व अंतर यांविषयीचा सुप्रसिद्ध दृष्टांत आर्टुर शोपेनहौअर (१७८८–१८६०) या तत्त्वज्ञाने १८५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहात दिला. थंडीने कुडकुडणारी साळिंदरे उबेसाठी जवळ येतात, परस्परांचे काटे बोचताच दूर होतात आणि अखेरीस दोन्ही त्रास सुसह्य होतील असे अंतर शोधून काढतात. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यानेही १९२१ मध्ये समूहमानसशास्त्राची चर्चा करताना या दृष्टांताचा उपयोग केला. मानवी दांपत्याला तो लावताना मात्र एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. दृष्टांतातील सर्व साळिंदरांना सारखेच काटे आहेत आणि सारखीच थंडी वाजते. जेथे एका पक्षाला दूर जाण्याची सोय आहे आणि दुसऱ्याला नाही, तेथे योग्य अंतर कोणते, हे पहिला पक्षच ठरवतो.

तसेच स्वावलंबन आणि स्वायत्तता यांत भेद करणे आवश्यक आहे. दुसऱ्याच्या मदतीविना जगता येणे म्हणजे स्वावलंबन. स्वतःच्या इच्छेने व विचाराने वागता येणे म्हणजे स्वायत्तता. आजारपणात जोडीदाराकडून स्वेच्छेने शुश्रूषा करून घेणारी व्यक्ती परावलंबी असूनही स्वायत्त असू शकते. याउलट स्वतः कमावणारी, परंतु पगार खर्च करण्यास परवानगी घ्यावी लागणारी व्यक्ती स्वावलंबी असूनही स्वायत्त नसते. तुर्की मानसशास्त्रज्ञ चिदेम कागितचिबाशी (१९४०–२०१७) यांनी स्वायत्तता आणि आपलेपणा ही दोन वेगळी परिमाणे असल्याचे प्रतिपादन केले. माणसांपासून अलग झाल्याविना स्वायत्तता येत नाही, ही पाश्चात्त्य मानसशास्त्रातील रूढ समजूत त्यांनी अमान्य केली. कौटुंबिक बंध घट्ट असलेल्या भारतासारख्या समाजाच्या दृष्टीने हे विवेचन महत्त्वाचे आहे.

भारतीय परंपरा : भारतीय परंपरेत दांपत्याच्या ऐक्याचा आदर्श अर्धनारीश्वराच्या रूपात साकार झाला आहे. विवाहविधीतील सप्तपदीचे सातवे पाऊल सख्यासाठी असते. म्हणजे विधीच्या शेवटच्या टप्प्यावर पतिपत्नींचे नाते मैत्रीचे मानले आहे. धर्मशास्त्राने मात्र स्त्रीला बाल्यात पिता, तारुण्यात पती आणि वार्धक्यात पुत्र यांच्या अधीन मानले. त्यातही स्त्रीधन या संकल्पनेद्वारे विवाहप्रसंगी व आप्तांकडून मिळालेल्या काही संपत्तीवर स्त्रीचा स्वतंत्र हक्क मान्य झालेला होता. बृहदारण्यकोपनिषदात गृहत्यागाला निघालेला याज्ञवल्क्य मैत्रेयी व कात्यायनी या दोन पत्नींमध्ये संपत्तीची वाटणी करू इच्छितो, तेव्हा मैत्रेयी संपत्तीऐवजी ज्ञान मागते. या संवादाचे प्रयोजन तात्त्विक असले, तरी पत्नी ही स्वतःचे श्रेय स्वतः ठरवणारी व्यक्ती म्हणून त्यात उभी राहते, हे लक्षणीय आहे.

एकत्र कुटुंबात पतिपत्नींच्या सहवासालाच मर्यादा होती. वडीलधाऱ्यांसमोर परस्परांशी बोलणे, एकमेकांना नावाने हाक मारणे किंवा दिवसा एकत्र बसणे हे मराठी घरांतून अनुचित समजले जाई. पतीचे नाव पत्नीने उच्चारण्याचा प्रसंग मुख्यतः उखाण्यापुरता असे. अशा घरात पत्नीला एकांत नव्हता आणि पतीचा मोकळा सहवासही नव्हता. औद्योगिकीकरणानंतर वेगळीच स्थिती निर्माण झाली. कोकण व घाटमाथ्यावरील हजारो पुरुष मुंबईच्या कापडगिरण्यांत कामाला गेले. तेथे ते गाळ्यांत दाटीने राहत व खानावळीत जेवत, तर त्यांच्या पत्नी गावी शेती व सासूसासरे सांभाळत. ही दांपत्ये वर्षाचा बहुतेक काळ विभक्त होती. परंतु ही ताटातूट त्यांनी निवडलेली नव्हती. अंतर असले म्हणजे स्वातंत्र्य असतेच असे नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

महाराष्ट्रातील स्थित्यंतर : एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात दांपत्यसंबंधांची नव्याने चिकित्सा सुरू झाली. जोतीराव फुले (१८२७–९०) व सावित्रीबाई फुले (१८३१–९७) यांचे जीवन सामायिक कार्यावर उभ्या असलेल्या सहजीवनाचे उदाहरण होय. सत्यशोधक पद्धतीच्या विवाहासाठी जोतीरावांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू स्त्रियांच्या स्वातंत्र्याचा व हक्कांचा प्रश्न वराला विचारते आणि वर ते मान्य करण्याचे वचन देतो. स्वातंत्र्याची अट विवाहविधीतच घालण्याचा हा प्रयत्न त्या काळात असाधारण होता.

या प्रश्नाचे कायदेशीर स्वरूप रखमाबाई (१८६४–१९५५) यांच्या खटल्यात प्रकट झाले. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. परंतु त्या माहेरीच राहिल्या व शिकल्या. पुढे पतीच्या घरी जाण्यास त्यांनी नकार दिल्यावर दादाजींनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा दाखल केला. न्यायाधीश पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला. जो सहवास मुळात सुरूच झाला नाही, तो पुनःस्थापित करण्याचा आदेश देता येत नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. अपिलानंतर दावा पुन्हा चालून मार्च १८८७ मध्ये न्यायाधीश फॅरन यांनी रखमाबाईंनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. त्यानंतर रखमाबाई लंडनला वैद्यकाचे शिक्षण घेऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केली. संमतीविना लादलेला सहवास हा दांपत्यधर्म ठरतो काय, हा प्रश्न या खटल्याने समाजापुढे ठेवला. या वादाची परिणती पुढे १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यात होण्यास साहाय्य झाले.

त्याच काळातील काही आत्मकथनांतून या प्रश्नाचे अंतरंग दिसते. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांच्या आमच्या आयुष्यातील काही आठवणी (१९१०) या ग्रंथात पती महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) यांनी त्यांना शिकवले, याची आणि त्यामुळे घरातील स्त्रियांचा त्यांना जो रोष सोसावा लागला, त्याची हकीगत आहे. येथे पत्नीच्या स्वातंत्र्याचा आरंभ पतीच्या आग्रहातून झाला आणि त्याची झळ पत्नीला घरात दिवसभर लागली. पतीच्या निधनानंतर रमाबाईंनी पुणे सेवासदनाच्या द्वारा उभे केलेले कार्य मात्र त्यांच्या स्वतंत्र कर्तृत्वाचे होते.

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या स्मृतिचित्रे या आत्मचरित्रात समतोलाचे आणखी एक रूप आढळते. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९), यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर काही वर्षे लक्ष्मीबाई पतीपासून दूर होत्या. पुढे त्या परत आल्या, तरी त्यांनी तत्काळ धर्मांतर केले नाही. जातिभेदाविषयीचे आपले मत स्वतःच्या विचाराने बदलल्यानंतरच १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीवरील प्रेम आणि स्वतःची श्रद्धा यांपैकी कोणतीही एक गोष्ट त्यांनी घाईने दुसरीवर ओवाळून टाकली नाही.

विसाव्या शतकात रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले व १९२७ पासून समाजस्वास्थ्य हे मासिक चालवले. अपत्ये किती व केव्हा, हा निर्णय हाती आल्यावाचून दांपत्याला, आणि विशेषतः पत्नीला, आपल्या आयुष्याची आखणी करता येत नाही, हे त्यांच्या कार्यामागील महत्त्वाचे सूत्र होते. सुनीता देशपांडे (१९२६–२००९) यांच्या आहे मनोहर तरी (१९९०) या पुस्तकाने लोकप्रिय लेखक पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्याबरोबरच्या सहजीवनाचा निःसंकोच ताळेबंद मांडला. परस्परांविषयी आस्था असलेल्या, शिक्षित व विचारी दांपत्यातही घराचा भार आणि श्रेय यांची वाटणी कशी होते, याविषयी त्या पुस्तकामुळे मराठी वाचकांत दीर्घकाळ चर्चा झाली.

कायदेशीर पाया : इंग्रजी कायद्यात विवाहानंतर पत्नीचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन होई. तत्त्वज्ञ जॉन स्ट्यूअर्ट मिल (१८०६–७३) याने १८५१ मध्ये हॅरिएट टेलर (१८०७–५८) हिच्याशी विवाह करताना, कायद्याने पतीला मिळणाऱ्या अशा अधिकारांचा निषेध करणारे व ते न वापरण्याची प्रतिज्ञा करणारे निवेदन लिहून ठेवले. इंग्लंडमध्ये १८७० व १८८२ च्या अधिनियमांनी विवाहित स्त्रीचा संपत्तीवरील हक्क टप्प्याटप्प्याने मान्य झाला. भारतात १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४ अन्वये हिंदू स्त्रीच्या ताब्यातील संपत्तीवर तिची पूर्ण मालकी प्रस्थापित झाली आणि २००५ च्या दुरुस्तीने कन्येला सहदायादाचा दर्जा मिळाला.

वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा उपाय, म्हणजे सबळ कारणावाचून दूर राहणाऱ्या जोडीदाराला सहवासासाठी परत येण्याचा न्यायालयीन आदेश, इंग्लंडमध्ये १९७० मध्ये रद्द करण्यात आला. भारतात १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम ९ मध्ये तो पती व पत्नी या दोघांनाही उपलब्ध करून देण्यात आला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने टी. सरिता खटल्यात १९८३ मध्ये हे कलम व्यक्तीच्या खाजगीपणाचा भंग करणारे म्हणून घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात १९८४ मध्ये मात्र ते वैध ठरवले. पुढे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. व्यभिचारविषयक दंडविधानातील कलम २०१८ मध्ये रद्द करताना त्याच न्यायालयाने पती हा पत्नीचा धनी नव्हे, असे स्पष्ट केले. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या अधिनियमात आर्थिक कोंडीचा हिंसेत समावेश असून सामायिक घरात राहण्याचा हक्क मान्य केला आहे. विवाहसदृश संबंधात असलेल्या स्त्रियांनाही त्याचा लाभ मिळतो. कायद्याने प्रेम निर्माण होत नाही. परंतु न पटल्यास कोठे जावे व काय खावे, या भीतीतून सहवास पत्करावा लागू नये, एवढी तरतूद कायदा करू शकतो.

मानसशास्त्रीय उपपत्ती : ब्रिटिश मनोविकारतज्ञ जॉन बोल्बी (१९०७–९०) आणि मेरी एन्सवर्थ (१९१३–९९) यांनी बालकांच्या आसक्तिबंधाचा अभ्यास केला. आपल्या हाकेला माता धावून येईल, अशी खात्री असलेले मूल तिच्यापासून दूर जाऊन परिसराचा शोध घेण्यास धजावते. अशी खात्री नसलेली मुले एक तर तिला बिलगून राहतात किंवा तिच्याकडे पाठ फिरवतात, असे आढळले. सिंडी हेझन व फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये ही उपपत्ती प्रौढांच्या प्रेमसंबंधांस लावली. सुरक्षित, चिंताग्रस्त व टाळाटाळ करणारी अशा तीन प्रकारच्या आसक्ती प्रौढांतही आढळतात, असे त्यांनी दाखवले. चिंताग्रस्त व्यक्ती जोडीदाराच्या एकांतात दुरावा पाहते. टाळाटाळ करणारी व्यक्ती त्याच्या जवळिकीत बंधन पाहते. असे दोघे एकत्र आल्यास एकाने पाठलाग करावा व दुसऱ्याने निसटावे, असे चक्र सुरू होते. ब्रुक फीनी यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दांपत्यांच्या अभ्यासात जोडीदाराची अवलंबनाची गरज जेथे सहजपणे स्वीकारली जाते, तेथे तो जोडीदार पुढे अधिक स्वतंत्रपणे वागू लागतो, असे दिसून आले. आधाराची खात्री ही स्वातंत्र्याला बाधक नसून पोषक ठरते, असा याचा अर्थ आहे.

कुटुंबचिकित्सेच्या क्षेत्रात मरी बोवेन (१९१३–९०) यांनी स्वत्वाच्या पृथक्करणाची संकल्पना मांडली. भावनिक दबाव असतानाही दुसऱ्याशी संबंध न तोडता स्वतःचे मत टिकवता येणे, हे परिपक्वतेचे लक्षण त्यांनी मानले. त्यांच्या मते संबंध तोडून मिळवलेली अलिप्तता हे खरे स्वातंत्र्य नसून अवलंबनाचेच दुसरे रूप असते. साल्व्हादोर मिनुचिन (१९२१–२०१७) यांनी सदस्यांच्या सीमारेषा पुसून गेलेली कुटुंबे आणि सदस्य परस्परांना दुरावलेली कुटुंबे अशी दोन टोके वर्णिली व निरोगी कुटुंबातील सीमारेषा स्पष्ट, पण ओलांडता येण्याजोग्या असतात, असे सांगितले.

आर्थर ॲरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये जवळीक मोजण्याची एक सोपी पद्धत सुचवली. एकमेकांत कमीअधिक शिरलेल्या दोन वर्तुळांच्या सात जोड्यांपैकी आपल्या संबंधाला साजेशी जोडी निवडावयाची, असे तिचे स्वरूप आहे. पुढील संशोधनात वर्तुळे किती एकमेकांत शिरली आहेत, याबरोबरच ती किती शिरावीत असे व्यक्तीला वाटते, हेही विचारात घेण्यात आले. प्रत्यक्ष आणि अपेक्षित जवळीक यांतील तफावत समाधानाशी निगडित असून, हवी त्याहून अधिक जवळीकही हवी त्याहून कमी जवळिकीप्रमाणेच त्रासदायक ठरू शकते, असे आढळून आले. यावरून सर्व दांपत्यांना लागू पडेल असे एकच प्रमाण सांगता येत नाही.

अँड्र्यू ख्रिस्तेन्सेन यांनी एकाने मागणी करावी व दुसऱ्याने गप्प बसावे किंवा निघून जावे, या भांडणाच्या आकृतिबंधाचा विशेष अभ्यास केला. मागणी करणारी बाजू बहुधा पत्नीची असते, असे आढळले. परंतु चर्चेचा विषय पतीने मागितलेल्या बदलाचा असेल, तेव्हा हा भेद कमी होतो, असेही दिसले. ज्याला चालू व्यवस्था बदलावयाची असते तो बोलतो आणि ज्याची तीत सोय आहे तो मौन पाळतो. म्हणून एकाची ‘कटकट’ आणि दुसऱ्याचा ‘शांत स्वभाव’ या वर्णनांमागे पुष्कळदा घरातील कामाची विषम वाटणी असते.

व्यवहारातील अंगे : समतोलाची कसोटी दैनंदिन जीवनात मुख्यतः वेळ, पैसा, जागा, आप्तपरिवार आणि खाजगीपणा या पाच बाबतींत लागते.

वेळेच्या बाबतीत भारतातील विषमता मोठी आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के, तर पुरुषांपैकी २६.१ टक्के व्यक्ती दिवसभरात विनावेतन घरकाम करीत होत्या. आणि घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रियांचा त्यात दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जात होता. अशा स्थितीत सायंकाळी मित्रांत जाण्याचे किंवा छंद जोपासण्याचे पतीचे स्वातंत्र्य पत्नीच्या वेळेतून उभे राहते. दोघांनाही सारखी मोकळीक आहे असे शब्दांत मान्य करूनही घरकामाची वाटणी न बदलल्यास ती मोकळीक एकालाच उपभोगता येते.

पैशाच्या बाबतीत घरखर्चासाठी सामायिक खाते आणि त्याखेरीज प्रत्येकाचे स्वतंत्र खाते, अशी व्यवस्था अनेक नोकरदार दांपत्ये करतात. एकच जोडीदार कमावता असल्यास घर सांभाळणाऱ्याजवळ हिशेब न देता खर्च करता येईल अशी काही रक्कम असणे, हे उपकाराचे नव्हे, तर न्यायाचे लक्षण मानावे लागते. जागेच्या संदर्भात ब्रिटिश लेखिका व्हर्जिनिया वुल्फ (१८८२–१९४१) हिने १९२९ मध्ये लेखन करू इच्छिणाऱ्या स्त्रीजवळ स्वतःचे उत्पन्न व स्वतःची खोली असावी, असे प्रतिपादन केले होते. चाळीतील एका खोलीत किंवा लहान सदनिकेत स्वतंत्र खोली शक्य नसते. तेथे एखादे टेबल, एखादे कपाट किंवा दिवसातील ठराविक निवांत तास यांनी ती उणीव काही अंशी भरून निघते. पाश्चात्त्य देशांत, विशेषतः उतारवयात जुळलेली काही जोडपी, संबंध कायम ठेवून स्वतंत्र घरांत राहणे पसंत करतात. फ्रेंच विचारवंत सीमॉन द बोव्हार (१९०८–८६) आणि झां पॉल सार्त्र (१९०५–८०) यांनी विवाह न करता व एक घर न थाटता पन्नास वर्षे संबंध टिकवला, हे याचे बहुचर्चित उदाहरण होय. मात्र त्यांच्या स्वातंत्र्याचा भार त्यांच्याशी निगडित असलेल्या तिसऱ्या व्यक्तींना सोसावा लागला, अशी टीकाही झाली आहे.

आप्तपरिवाराच्या बाबतीत भारतीय दांपत्याला दुहेरी समतोल साधावा लागतो. परस्परांपासूनचे स्वातंत्र्य आणि दोघांचे मिळून कुटुंबापासूनचे स्वातंत्र्य, असे दोन्ही प्रश्न तेथे एकत्र येतात. सासरच्यांची जबाबदारी दोघांची, पण माहेरची एकटीची, ही विभागणी अनेक घरांत कलहाचे कारण ठरते. खाजगीपणाचा प्रश्न भ्रमणध्वनीमुळे तीव्र झाला आहे. परस्परांचे संदेश वाचणे किंवा ठावठिकाणा सतत पाहणे हे काहींना विश्वासाचे चिन्ह वाटते. वस्तुतः पडताळणीची गरज भासणे, हेच विश्वास डळमळीत झाल्याचे लक्षण असते. जोडीदाराशी झालेल्या संभाषणाचे गुप्तपणे केलेले ध्वनिमुद्रण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून ग्राह्य धरण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अनुमती दिली; परंतु जोडीदार एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील, तर तो विवाह आधीच बिघडलेला असतो, असा अभिप्रायही त्याच निकालात व्यक्त झाला.

लेस्ली बॅक्स्टर यांच्या मते स्वायत्तता व जवळीक यांमधील ताण हा दुरुस्त करण्याजोगा दोष नसून संबंधाचा अंगभूत धर्म आहे. जोडपी तो कायमचा सोडवीत नाहीत. काही काळ एकीला व काही काळ दुसरीला प्राधान्य देत राहतात. अपत्यजन्म, बदली, आजारपण व निवृत्ती या प्रसंगी जुनी मांडणी निरुपयोगी ठरते व नवी करावी लागते. मूल लहान असताना एकांत दुर्मिळ होतो. निवृत्तीनंतर दिवसभराचा सहवास एकदम वाट्याला येतो आणि तोही काहींना जड जातो.

समतोल व नियंत्रण यांतील भेद : प्रेमाच्या नावाखाली जोडीदाराचे मित्र तोडणे, पैसा अडवणे, पेहरावावर व फिरण्यावर बंधने घालणे आणि प्रत्येक हालचालीचा जाब विचारणे, हे असमतोलाचे नव्हे, तर नियंत्रणाचे प्रकार होत. इंग्लंड व वेल्समध्ये २०१५ च्या अधिनियमाने अशा सातत्यपूर्ण नियंत्रक वर्तनाला, शारीरिक मारहाण नसली तरी, गुन्हा ठरवले आहे. दोघांनी बसून मध्यम मार्ग काढावा, हा सल्ला अशा वेळी घातक ठरतो. कारण मध्यम मार्ग काढण्यासाठी दोघांनाही निर्भयपणे बोलता येणे आवश्यक असते. याउलट स्वातंत्र्याच्या नावाखाली जबाबदारी टाळणे हाही दोष आहे. आजारी जोडीदाराकडे किंवा अपत्यांकडे पाठ फिरवणाऱ्याला स्वायत्ततेचा आधार घेता येत नाही.

या दोन टोकांच्या दरम्यान प्रत्येक दांपत्याचा समतोल त्याच्या स्वभावानुसार, परिस्थितीनुसार व वयानुसार वेगळा असतो. कोणी दिवसभर एकत्र काम करून सुखी असतात, तर कोणी आठवड्यातून दोन दिवस भेटून. तो समतोल न्याय्य आहे किंवा कसे, हे ठरवताना मात्र काही प्रश्न सर्वत्र लागू पडतात : सध्याची व्यवस्था दोघांनी निवडली आहे काय, ती बदलण्याविषयी दोघांनाही न भिता बोलता येते काय, आणि एकाच्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्याच्या वेळेतून व श्रमातून वसूल होत नाही ना. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तेथे सहवास आणि स्वातंत्र्य परस्परांना आधार देतात. रखमाबाईंच्या खटल्यापासून आजपर्यंतच्या कायद्याच्या व विचाराच्या वाटचालीचा रोखही दंपती या शब्दाच्या मूळ अर्थाकडे, म्हणजे घराचे दोन स्वामी असण्याकडेच, असल्याचे दिसून येते.